मोटारीचें पाणी जातें कोठें?

शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळाकडे निघालेली जुनी अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी सातपुड्याचा घाट लागतांच तापूं लागते. नंदुरबार जिल्ह्यांतील हें ठिकाण सुमारें ११५० मीटर उंचीवर आहे. चढणीवर इंजिनाचे श्रम वाढतात. गति मंदावल्यामुळें रेडिएटरला वारा मात्र कमी मिळतो. शिवाय समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळणारें पाणी येथें सुमारें ९६ अंशांवरच उकळतें. ही उणीव रेडिएटरचें झाकण भरून काढतें. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणाऱ्या झाकणामुळें उत्कलनबिंदु दहा-अकरा अंशांनीं चढतो. झाकणाची रबरी चकती झिजली, कीं हा लाभ नाहींसा होतो आणि पाणी वाफेच्या रूपानें निघून जातें.

वारंवार पाणी ओतणें हा उपाय नव्हे. तें कोठें जातें हें शोधणें हाच खरा उपाय होय. इंजिन तापलेलें असतां झाकण कधींही उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी अंगावर उसळतें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास बिडास तडा जाण्याचें भय असतें.

इंजिन पूर्ण निवाल्यावर प्रथम बाहेरची गळती पाहावी. रबरी नळ्यांचीं टोकें, रेडिएटरचे सांधे आणि पाण्याच्या पंपाची खालची बाजू येथें पांढरे किंवा तांबूस डाग दिसल्यास गळतीचें स्थान सांपडलें. बाहेर कांहींच न दिसल्यास तेलाची सळई काढून पाहावी. तेल दुधाळ दिसलें, किंवा नळकांड्यांतून पांढरा धूर सतत येत राहिला, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. सकाळच्या थंडींत क्षणभर दिसणारी वाफ निराळी. ती लवकरच विरते.

पाणी कमी न होतांही गाडी तापत असेल, तर पंख्याचा सैल पट्टा, क्षारांनीं भरलेला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट तपासावा. इंजिन तापूनही रेडिएटरची वरची नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकलेला असण्याचा संभव अधिक.

अँबॅसॅडरची निर्मिति २०१४ सालीं थांबली, पद्मिनीची त्यापूर्वींच. म्हणून उष्णतेनें वाकलेलें हेड बदलणें आतां सोपें राहिलेलें नाहीं. कांटा लाल खुणेकडे सरकतांच गाडी थांबवून इंजिन निवूं देणें, यांतच शहाणपण आहे. त्या अर्ध्या तासाच्या खोळंब्यानें सबंध इंजिन वांचतें.