वादळानंतर बागेची शुश्रूषा



वादळ ओसरल्यानंतरच्या सकाळीं बागेंत पाऊल टाकतांना मनाला काय वाटतें, हें मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ कुटुंबांना सांगावयास नको. कालपर्यंत फुलांनीं लवलेली जास्वंद मोडून पडलेली असते, कुंड्या उलथलेल्या असतात, आणि ज्याच्या सावलींत मुलें खेळलीं तें झाड आडवें झालेलें असतें. अशा वेळीं एखादा गृहस्थ कोयता घेऊन सर्व कांहीं साफ करावयास निघतो. दुसरा खत व पाणी घेऊन धांवतो. दोघांचाही हेतु चांगला असतो, आणि दोघांच्याही हातून वांचण्याजोगीं झाडें मरतात. असें कां होतें व त्याऐवजीं काय करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम आघाताचें स्वरूप ओळखलें पाहिजे. कारण रोग निराळा, तर औषधही निराळें. आपल्या उपनगरांनीं तीन तऱ्हेचे आघात पाहिले आहेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळीं कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. तो आघात पाण्याचा. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रमार्गें गुजराथेकडे गेलें, तेव्हां कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशीं १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे होते. तो आघात वाऱ्याचा व खाऱ्या तुषारांचा. १३ मे २०२४ रोजीं दुपारनंतर धुळीचें वादळ उठलें. घाटकोपरास जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं तें हेंच. त्या दुःखापुढें झाडाझुडपांची हानि क्षुल्लक होय. परंतु त्या दिवशीं बागांना बसलेला आघात धुळीचा व अचानक सुटलेल्या सोसाट्याचा होता, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

पाण्याचा आघात सर्वांत फसवा. मुळांना पाण्याप्रमाणें प्राणवायूही लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळींतून मिळतो. पोकळींत पाणी भरलें कीं श्वास कोंडतो. कारण पाण्यांतून प्राणवायूचा प्रसार हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं मंद होतो. गुदमरलेलीं मुळें पाणी शोषीत नाहींत, आणि म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेल्यासारखें माना टाकतें. मीं स्वतः येथें चूक केली आहे. २००५ च्या पुरानंतर आमच्या अंधेरीच्या आवारांतील कागदी लिंबाचीं पानें लोंबूं लागलीं. मला वाटलें, झाड अशक्त झालें. म्हणून मीं दोन वेळां पाणी घातलें आणि वर मूठभर रासायनिक खत दिलें. पंधरवड्यांत झाड गेलें. उपटून पाहिलें तों मुळें काळीं पडलेलीं, सडक्या वासाचीं, आणि बोटांनीं ओढतांच साल हातांत येणारीं. मीं त्याला पाजून मारलें होतें.

यावरून नियम असा कीं, पूर ओसरतांच आधीं पाण्यास वाट करून द्यावी. आळें फोडून उताराकडे चर काढावा; कुंडीखालची बशी दूर करून, कुंडी थोडी कलती ठेवून, तळाचें भोंक काडीनें मोकळें करावें. माती हातास चिकटेनाशी झाली म्हणजे वरचा थर खुरप्यानें हलकेच सैल करावा. नवी पालवी दिसेपर्यंत खत मुळींच देऊं नये. खतांतील क्षार दुखावलेल्या मुळांना अधिकच पोळतात. पुराचें पाणी गटाराचें असतें. म्हणून त्यांत बुडालेली पालेभाजी खाण्याच्या मोहांत पडूं नये.

आतां वाऱ्यानें पडलेल्या झाडांविषयीं. मोठा वृक्ष उभा करणें हें घरगुती काम नव्हे. त्यांत विजेच्या तारा गुंतल्या असतील तर जवळही जाऊं नये. परंतु दंडाएवढ्या बुंध्याचें झाड, एका बाजूचीं तरी मुळें मातींत धरून असल्यास, पुष्कळदां वांचतें. तौक्तेनें आमच्या आवारांतील एक बकुळ अशीच आडवी केली. तोडून टाकावी, असा बहुमताचा कल होता. ‘एक दिवस द्या’ अशी मीं विनंती केली, आणि पुढील कृति केली. उघडीं पडलेलीं मुळें ओल्या गोणपाटानें झांकलीं; कारण ऊन लागल्यास बारीक मुळें अल्पावकाशांतच सुकतात. पिंजलेलीं मुळें धारदार कात्रीनें नीट कापलीं. मुळें मुडपल्यावांचून बसतील इतका खड्डा मोकळा केला. बुंध्यास जुनें सतरंजीचें फडकें गुंडाळून, त्यावरून दोर घेऊन, चौघांनीं झाड सावकाश उभें केलें. माती भरून पायानें बेतानें दाबली. धुम्मस केला नाहीं. मग तीन बाजूंनीं बांबूचे टेकू देऊन काथ्यानें सैलसर बांधलें. सैल बांधण्याचें कारण असें कीं, किंचित् डुलण्यानेंच बुंधा जाड व मुळें बळकट होतात. ताठ जखडलेलें झाड परावलंबी राहतें. एका वर्षानें टेकू काढले. ती बकुळ आज स्वतःच्या पायांवर उभी आहे, आणि तिच्या तोडणीस संमति देणाऱ्यांच्याच घरांतील मुली तिचीं फुलें वेंचतात.

येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें नागरी भागांतील झाड, तें स्वतःच्या आवारांतील असलें तरी, मनास येईल तेव्हां तोडतां येत नाहीं. महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. धोकादायक झालेलें झाडही प्रथम त्यांच्या नजरेस आणणें हें हिताचें.

मोडक्या फांद्या कापतांना घाई नको. जड फांदी आधीं खालून थोडी कापावी, मग किंचित् पुढें वरून. म्हणजे ती पडतांना बुंध्याची साल ओरबाडून नेत नाहीं. उरलेलें खुंट शेवटीं काढावें. फांदी बुंध्यास मिळते तेथें सालीची एक फुगीर वळी असते. ती राखून तिच्या लगत बाहेरून काप घ्यावा. कारण जखम बुजविणारी साल तेथूनच वाढते. अमेरिकेंतील वनसंशोधक ॲलेक्स शायगो यांनीं अनेक वृक्ष चिरून दाखवून दिलें कीं, झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाहीं. झाड कुजका भाग आंतल्याआंत कोंडून टाकतें व त्याभोंवतीं नवें लाकूड घालतें. जखमेस डांबर फासण्याच्या जुन्या रीतीनें ही कूज थांबत नाहीं, असें आतां ठरलें आहे. मात्र आपल्या दमट हवेंत आंब्यासारख्या फळझाडाच्या मोठ्या कापावर बोर्डो मलम लावण्याचा प्रघात आहे. त्याकरितां १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यांत वेगवेगळे कालवून एकत्र करावे. भांडीं मातीचीं वा प्लॅस्टिकचीं असावींत, आणि मलम त्याच दिवशीं संपवावें. फांद्या गेल्यामुळें ज्या बुंध्यावर एकाएकीं ऊन येऊं लागलें असेल, त्यास चुन्याची सफेती द्यावी, म्हणजे साल भाजत नाहीं.

खाऱ्या तुषारांनीं समुद्राकडील पानें करपतात, आणि धुळीनें पानांचीं श्वासरंध्रें बुजतात. दोहींवर उपाय एकच: शक्य तितक्या लवकर गोड्या पाण्यानें पानें वरून व खालून धुणें. करपलेलीं पानें पाहून फांदी मेली असें समजूं नये. पान जळालें तरी कळी जिवंत असूं शकते.

झाडापरत्वें नियमही बदलतात. माडास वाढीचा कोंब एकच असतो. शेंडा मोडला कीं तो गेला. झांवळ्या फाटल्या असून मधला सुरळीसारखा कोंब ताठ असेल, तर मात्र आशा सोडूं नये. मोडलेली केळ बुंध्याशीं कापावी. तिचा वंश बाजूच्या पिलांत चालूं राहतो. पपईस सांचलेलें पाणी एक-दोन दिवसही सोसत नाहीं. तिच्यासाठीं शोक करण्यापेक्षां नवें बीं पेरावें. जास्वंद, तगर व मोगरा छाटल्यावर जोमानें फुटतात. आणि मोडलें तें सर्वच वायां जातें असें नाहीं. शेवग्याची जाड फांदी किंवा पांढऱ्या चाफ्याची डहाळी चार दिवस सावलींत ठेवून, कापलेलें टोंक सुकल्यावर मातींत खोंवली, तर तिचेंच नवें झाड होतें.

शेवटीं एक साधी परीक्षा. निष्पर्ण फांदीवर नखानें सालीचा अगदीं लहानसा पापुद्रा काढावा. आंत हिरवें व ओलसर दिसलें तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडें दिसलें तर शेंड्याकडून खालीं येत पुन्हां पाहावें. हिरवें लागेल तेथवर झाड आपलें आहे. हा शोध घेतल्यावांचून कोणत्याही झाडावर कुऱ्हाड चालवूं नये, आणि संशय असल्यास एक पावसाळा वाट पाहावी.

पावसाळा येण्यापूर्वीं वाळक्या फांद्या उतरविणें, आणि बुंध्याभोंवतीं गळ्यापर्यंत ओतलेलें सिमेंट फोडून हातभर माती मोकळी करणें, हीं दोन कामें ज्यानें केलीं, त्याला वादळानंतरचीं निम्मीं कामें उरत नाहींत. बाकीचें काम झाड स्वतः करतें. आपण फक्त त्याला श्वास, आधार आणि वेळ द्यावयाचा. माझ्या लिंबास मीं पहिली व शेवटची गोष्ट दिली नाहीं. बकुळीस तिन्ही मिळाल्या.