कंकाली टीला : दात्यांची उशिरा घेतलेली नोंद

एकेकाळी स्तूप दिसला की अभ्यासक तो बौद्धांचाच मानत. मथुरेच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननाने हा समज ढळला. तेथे जैन स्तूपाचे अवशेष, तीर्थंकरांच्या मूर्ती आणि आयागपट निघाले. एका आयागपटावर तर स्तूपच कोरलेला होता. व्हिन्सेंट स्मिथ यांचा त्यावरील ग्रंथ १९०१ मध्ये आला. पुढे दीर्घकाळ चर्चा मुख्यतः शैली आणि कालनिर्णयाचीच राहिली. दात्यांकडे लक्ष वळले ते उशिरा. वास्तविक मूर्तींच्या पीठांवरील ब्राह्मी लेख ब्यूलर यांनी त्याआधीच वाचले होते! त्यांत गंधी, लोहार, सार्थवाह यांची कुटुंबे आहेत, आणि दान देणाऱ्यांत श्राविका पुष्कळ. कोणाची सून, कोणाची पत्नी, कोणाच्या उपदेशावरून दान दिले, हेही दगडावर कोरलेले आहे.