तीन अक्षरांची फोडणी

शनिवारी सकाळची शाळा सुटायला अर्धा तास उरला, की बोदवडच्या आमच्या चौथीच्या वर्गात शब्दखेळ रंगतो. मी फळ्यावर कोडं लिहिते, मुलं पाटीवर उत्तर लिहितात. भरताच्या वांग्यांचे दिवस होते, म्हणून मी लिहिलं :

'तेल तापलं, मोहरी तडतडली, वर लसूण पडला. हे काय? अक्षरे तीन.'

"फोडणी! फोडणी!" वर्ग ओरडला. एका मुलीच्या पाटीवर मात्र 'बघार' होतं. मी पटकन फुली मारली. ती काही बोलली नाही. पाटी पुसून तिनं दप्तरात ठेवली. पुढच्या एकाही कोड्याला तिचा हात वर आला नाही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, अक्षरं तर तिचीही तीनच होती! मग मी शब्दकोश उघडून बसले.

फोडणी हा शब्द 'फोडणे' या क्रियापदापासून आला. पेरणे-पेरणी, कापणे-कापणी, तसंच फोडणे-फोडणी. फोडणेचं मूळ संस्कृत 'स्फोट'मध्ये आहे. पुढचा स् गळाला आणि ट चा ड झाला, जसा 'कटु'चा कडू आणि 'घोटक'चा घोडा झाला. म्हणजे आईच्या कढईत रोज छोटे छोटे स्फोटच होतात! मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. कढत तेलात त्याची वाफ होते, तिला जागा पुरत नाही आणि टरफल फुटतं. तड्‌ तड्‌ तड्‌!

आणि बघार? हिंदीत फोडणीला बघार म्हणतात, गुजरातीत वघार. त्यांचं मूळ संस्कृत 'व्याघारण', म्हणजे शिंपडणे. यज्ञात तूप शिंपडायचे, त्याला हा शब्द होता. त्याच्या पोटात 'घृ' हा धातू आहे. त्याच धातूचं 'घृत' म्हणजे तूप, आणि त्यापासूनच हिंदीतलं 'घी'.

पाहा गंमत! कढई एकच. एका भाषेनं मोहरीचा आवाज ऐकला, दुसरीनं तुपाची धार पाहिली. मग चूक कोणाची? माझीच!

सोमवारी मी वर्गासमोर तसं सांगितलं आणि त्या मुलीच्या पाटीवर मोठ्ठं 'बरोबर' काढून दिलं. "बाई, माझी आजी बघारच म्हणते," ती हळूच म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी मुलं घरोघरचे शब्द घेऊन आली. वघार आला, तडका आला. तेही तीन अक्षरीच! छौंक तेवढा दोन अक्षरांचा निघाला.

आई-बाबांनो, मुलांनी घरचा शब्द शाळेत आणला तर आणू द्या. तो चुकीचा नसतो, दुसऱ्या वाटेनं आलेला असतो.

आता तुमची पाळी. ही सगळी फोडणीची भावंडं. ओळखा पाहू :

१. चटका बसला की हातावर येतो.
२. कैरीच्या लोणच्यात असते.
३. भट्टीच्या गरम वाळूत हरभऱ्याचा होतो.
४. व्याकरणाच्या तासाला समासाची करतात.

(उत्तरे : १. फोड, २. फोड, ३. फुटाणा, ४. फोड)