चमचाभर साखर आणि घरातला व्यायाम

कुसगावात आषाढ लागला की फिरायला जाणे बंद होते. लोणावळ्याच्या या पट्ट्यात पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही. 'डॉक्टर चालायला सांगतात, पण चालू कुठं?' हा मधुमेह असलेल्या बायकांचा प्रश्न त्यामुळे खराच आहे. आपल्या शाळेतल्या बाईही त्यात आल्या.

आधी एक हिशेब करू. तो वर्गातही करता येईल. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी 100 मिलिग्रॅमहून कमी ग्लुकोज असते. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेमतेम 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा! उलट, 100 ग्रॅम तांदळाच्या भातातून सुमारे 78 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात आणि त्यांचे ग्लुकोज होते. ते जाते कोठे? काही यकृतात, आणि मोठा वाटा स्नायूंत.

स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आपोआप शिरत नाही. त्याला आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर यावी लागतात. त्यांना हाक मारते इन्सुलिन. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही हाक नीट ऐकू जात नाही. पण स्नायू आकुंचन पावला, की तीच प्रथिने इन्सुलिनच्या हाकेवाचूनही वर येतात! शिवाय पुढे एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला अधिक चांगली दाद देतात. म्हणून व्यायामात दोन दिवसांहून अधिक खंड नको.

'दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला?' राबणे खरेच. पण ओट्याशी उभे राहून मांड्यांचे मोठे स्नायू फारसे कामाला लागत नाहीत. जाते गेले, हे बरेच झाले म्हणा. आणि 'मी तर किडकिडीत' असे म्हणूनही सुटका नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के!

घरात काय करावे? हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. जेवणानंतर पडवीत दहा-पंधरा मिनिटे येरझाऱ्या. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, छातीत दुखत असेल वा डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मध्येच घाम फुटून हात थरथरले तर थांबून साखर खावी.

तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत राहते. त्यामुळे 'एचबीएवनसी' चाचणीत आषाढातल्या व्यायामाचा पुरता हिशेब दिसायला आश्विन उजाडतो.