आधी पोचायची वेळ: शिडाच्या होडीनं मुंबई ते गोवा

मुंबईहून गोव्याला समुद्रमार्गे जायचं तर अंतर साधारण 220 सागरी मैल. तीस फुटी शिडाच्या होडीला सरासरी पाच नॉटचा वेग धरला की 44 तास होतात. म्हणजे शुक्रवारी रात्री दहाला गेटवेसमोरून नांगर उचलला की रविवारी संध्याकाळी सहाला मांडवीत. पावसाळा सरला, दिवाळी जवळ आली की हा हिशेब ठिकठिकाणी कागदावर मांडला जातो. तो मांडताना वारा चोवीस तास वाहणार, पाणी जागच्या जागी उभं राहणार आणि काळोखात कुठल्याही खाडीत शिरता येणार, असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. कोकणच्या किनाऱ्यावर यातलं काहीच खरं नाही.

माझं म्हणणं असं की या किनाऱ्यावर निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरवावी. कुठल्या खाडीच्या तोंडाशी, किती वाजता, कुठल्या पाण्यावर पोचायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं. जुने तांडेल असंच करत. त्यांच्या होडीत इंजिन नव्हतं, त्यामुळे त्यांना दुसरा मार्गही नव्हता.

मोसम पावसाळ्यानंच आखून दिलेला आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो आणि कोळीवाडे हलू लागतात. हौशी माणसानं मात्र सप्टेंबर सरेपर्यंत थांबावं. मराठ्यांचं आरमारही दर्या खवळण्याआधी छावणीला लागत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात याची तपशिलानं तजवीज सांगितली आहे. ऐन पावसाळ्यात काय होतं ते 17 जुलै 1947 ला मुंबईनं पाहिलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारी अमावास्येला घरी पोचायची घाई त्या बोटीवरच्या कितीतरी जणांना होती. किनाऱ्यावरच्या घरांत ती आठवण अजून सांगितली जाते, आणि सांगितली जायलाच हवी.

पावसाळ्यानंतर वाऱ्याची एक रोजची शिस्त बसते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. शिडाची होडी चालवणाऱ्याचं पोट त्यांच्यावर चालतं. मध्यरात्रीनंतर जमीन गार होते आणि पूर्वेकडून मतलई सुटतो. जोर पाच ते आठ नॉट, पण पाणी सपाट असल्यानं होडी छान चालते. सकाळी नऊ-दहाला तो मरतो. मग तास-दोन तास काहीच नाही. शीड लोंबतं, ऊन डोक्यावर येतं. बाराच्या सुमाराला पश्चिमेकडे क्षितिजाशी पाण्यावर एक काळसर पट्टा दिसू लागतो. तो पट्टा सरकत जवळ येतो, होडीखालचं आरशासारखं पाणी खरबरीत होतं आणि वायव्येचा वारा शिडात भरतो. तीन ते पाच त्याचा भर, बारा-पंधरा नॉटपर्यंत. सूर्यास्तानंतर तो उतरतो. दक्षिणेला जाणाऱ्याला हा वारा पाठीवर मिळतो, म्हणून गोव्याला जाणं सोपं. नोव्हेंबरात हे चक्र जरा ढिलं असतं, डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा बरा धरतो आणि मार्चपासून दुपारचा वायव्य वारा दांडगा होत जातो.

आता पाणी. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास येतो. दक्षिणेकडे जावं तशी भरतीची वेळही थोडी अलीकडे सरकते. मुंबई बंदरातून उधाणाची ओहोटी बाहेर पडते तेव्हा दोन-तीन नॉटचा ओढा असतो. पाच नॉटच्या होडीला हा ओढा सोबत मिळाला तर सात-आठ, समोरून आला तर दोन-तीन. घड्याळाकडे न पाहता निघणारा माणूस पहिल्याच सकाळी प्राँग्जच्या दीपगृहासमोर तासन् तास जिथल्या तिथे राहतो.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा. छापील कोष्टकाशी ताडलं तर कधी तासाभराचा फरक पडतो, तेव्हा कोष्टक जवळ हवंच. पण पंचांगावरून एका नजरेत बेत आखायला ही रीत फार कामाची आहे.

पहिला टप्पा मुरुडजवळच्या राजपुरी खाडीपर्यंतचा धरू, सुमारे चाळीस मैल. अष्टमीला पहाटे सहाला भरती भरलेली. त्या वेळी निघालं तर मतलई अजून जिवंत असतो आणि ओहोटी बंदराबाहेर ढकलते. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्यानं ढकल हलकी, पण दिशा आपली. दहाच्या सुमाराला वारा पडेपर्यंत खांदेरी मागे टाकायची. मधला स्तब्ध वेळ जेवणात काढायचा किंवा इंजिन लावायचं. बारानंतर वायव्य वारा आणि नवी भरती दोन्ही सुरू होतात. दुपारी चारच्या आसपास जंजिरा दिसतो तेव्हा पाणी चढत असतं, आणि खाडीत शिरायची हीच वेळ. चढत्या पाण्यावर होडी वाळूला टेकली तर पुढच्या पाण्यानं सुटते. उतरत्या पाण्यावर टेकली तर कलंडून पुढच्या भरतीपर्यंत पडून राहते, आणि लाटा असतील तर फुटते. पोचण्याची वेळ आधी, म्हणतो ते यासाठी.

हाच बेत पौर्णिमेला चालत नाही. तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री. दुपारी निघालं तर पोचेपर्यंत रात्र. रायगडच्या किनाऱ्यावर रात्री डोल जाळी असतात, खुंटांना बांधलेली, बहुतेक ठिकाणी दिव्याशिवाय. त्यातलं एखादं सुकाणूत किंवा पंख्यात अडकलं तर होडी जाते आणि एका कोळ्याच्या घरची कमाईही जाते. नकाशात जाळी दाखवलेली नसतात. निघायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन विचारावं, तिथली माणसं सांगतात.

भरतीच्या ओढ्याशिवाय किनाऱ्यालगत एक मोठा प्रवाह आहे, ऋतूबरोबर दिशा बदलणारा. पावसाळ्यात तो दक्षिणेला वाहतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेला. म्हणजे थंडीत गोव्याला जाताना वारा पाठीशी आणि पाणी समोरून. जोर थोडा असतो, पण पाव नॉट जरी धरला तरी 44 तासांत 11 मैल मागे राहतात. दोन तास गेले.

राजपुरीनंतरचा टप्पा मला सगळ्यात अवघड वाटतो. जयगडपर्यंत साठ मैल, म्हणजे बारा तास, आणि डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. मध्ये बाणकोट आणि दाभोळ आहेत, पण दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडावर वाळूचा उंचवटा आहे. पश्चिमेकडून फुगारा, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा, असेल तर त्या तिथे फुटतात आणि अनोळखी माणसानं तिथे जाऊ नये. म्हणून पहाटे तीनला मतलईवर निघायचं, जाळ्यांच्या बाहेरून, किनाऱ्यापासून चांगलं अंतर ठेवून. जयगडला शास्त्रीच्या मुखात खोल पाणी आहे, डोंगराचा आडोसा आहे. तिथून विजयदुर्ग 45 मैल. वाघोटण खाडीचं हे बंदर या किनाऱ्यावरचं माझं सर्वांत आवडतं. कुठल्याही वाऱ्याला पाठ करून निजता येतं. देवगडही विश्वासाचं. मालवण मात्र सुंदर आणि कठीण: सिंधुदुर्गाभोवतीचे पाण्याखालचे खडक शिवाजीमहाराजांनी संरक्षणासाठी हेरले होते, ते आजही तिथेच आहेत. दिवसाउजेडी, स्थानिक माणूस सोबत घेऊनच आत जावं. पुढे वेंगुर्ल्याचे खडक बाहेरून टाळले की गोवा.

पाण्याची जाण नसली तर मोठं जहाजही कामाचं नाही, याचा दाखला खांदेरी. 1679 मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी वेढा दिला. त्यांची तोफांची जहाजं वारा पडला की अडून बसत, आणि मराठ्यांच्या उथळ होड्या रात्री, वल्ह्यांवर, त्यांच्या बाजूनं रसद घेऊन निघून जात.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. आपला हौशी मोसम आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा मोसम एकच आहे: ऑक्टोबर ते डिसेंबर. 2009 मध्ये ‘फयान’ 9 नोव्हेंबरला आकार घेऊ लागलं आणि 11 ला अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आलं. दोनच दिवस. कोकणातले अनेक मच्छीमार परतले नाहीत. 2019 च्या ऐन दिवाळीत ‘क्यार’ रत्नागिरीसमोर होतं; ते ओमानच्या दिशेला वळलं, तरी त्याच्या लाटांनी कोकणचा किनारा झोडपला. 2017 च्या डिसेंबरात ‘ओखी’च्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या होड्या देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. देवगडला निवारा आहे हे त्या खलाशांना ठाऊक होतं, म्हणून ते वाचले.

हवामान खात्याचं किनारी पत्रक आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी पाहावा. पत्रकात वारा कमी आणि फुगारा मोठा असं असेल तर खाडीच्या तोंडावर जाऊ नये. दूर दक्षिणेतून आलेला फुगारा निवांत दिवशीही उथळ पाण्यावर फुटतो. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की चर्चा संपली. नकाशावर प्रत्येक टप्प्याला दोन निवारे आधीच खूण करून ठेवावेत, एक पुढचा आणि एक मागचा. कुठल्या तासानंतर पुढच्याऐवजी मागच्याकडे वळायचं तेही घरीच लिहावं, कारण समुद्रावर थकलेल्या माणसाला पुढचंच बंदर जवळ वाटतं. सोमवारी कामावर हजर व्हायचंय या एका कारणानं माणसं वादळाच्या तोंडावर निघतात. रजेचा अर्ज लिहितानाच चार दिवस जास्त मागावेत आणि सोबत्यांनाही मागायला लावावेत.

परतीचा हिशेब वेगळाच. वायव्य वारा रोज दुपारी तोंडावर, त्यामुळे नागमोडी जावं लागतं आणि अंतर दीडपट-दुप्पट होतं. जुनी गलबतं दुपारी आडोशाला नांगर टाकून बसत आणि मध्यरात्री मतलई धरून किनाऱ्याच्या कडेकडेनं सकाळपर्यंत उत्तरेला सरकत. आजही इंजिनाशिवाय यायचं तर हाच मार्ग, आणि त्याला जाण्याच्या दुप्पट दिवस लागतात. तेवढे दिवस हाताशी नसतील तर होडी मांडवीत भरवशाच्या माणसाकडे ठेवावी, कोकण रेल्वेनं घरी यावं आणि पुढच्या रजेत ती आणायला जावं. ती रजा फेब्रुवारीच्या आतली असेल एवढं मात्र निघण्यापूर्वीच पाहून ठेवावं, कारण मार्चनंतर मालवण ते रत्नागिरी हा पट्टा लहान होडीला दुपारी वर चढू देत नाही.