पहिली स्ट्रेट-पुल रायफल: आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेहमीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये एक गोळी झाडली की चार हालचाली कराव्या लागतात. बोल्टचा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. स्ट्रेट-पुल रायफलमध्ये यातल्या दोनच उरतात: दांडा सरळ मागे आणि सरळ पुढे. रिकामी पुंगळी बाहेर पडते, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसतं आणि नेमबाज पुन्हा चाप ओढायला तयार होतो. एवढ्याशा फरकावर ब्रिटनमध्ये गेल्या साडेतीन दशकांत लक्ष्यभेदी रायफलींचा एक वेगळा प्रकारच उभा राहिला. त्याच्याबरोबर समजुतीही वाढल्या, आणि त्यांचा भुर्दंड बहुतेकदा पहिली रायफल घेणाऱ्याला पडतो.

या लेखातली कायद्याची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती आहे. भारतातले आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

गैरसमज १: स्ट्रेट-पुल म्हणजे कायद्याला चकवून विकली जाणारी सेमी-ऑटोमॅटिक.

वस्तुस्थिती: सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये दारूच्या जळण्याने तयार झालेला वायूच बोल्ट मागे ढकलतो, पुंगळी काढतो आणि पुढचं काडतूस भरायची सोय करतो. ऑगस्ट १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या हंगरफोर्ड गावात एका माणसाने १६ जणांचा बळी घेतला. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने सेमी-ऑटोमॅटिक आणि पंप-ॲक्शन रायफलींवर बंदी आली. सूट मिळाली ती फक्त .२२ रिमफायर काडतुसाच्या रायफलींना. पुढे बंदूक-कारागिरांनी एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या धाटणीच्या, पण वायूची यंत्रणा मुळातच नसलेल्या रायफली बनवायला सुरुवात केली. त्यांत बोल्टला दांडा असतो आणि प्रत्येक गोळीमागे सगळं काम हातानेच करावं लागतं.

मधल्या काळात अशाही काही रायफली आल्या, ज्यांत पुंगळी वायूच्या जोरावर बाहेर पडायची आणि नेमबाजाने फक्त एक खटका दाबला की बोल्ट पुढे यायचा. त्यांच्यावर २०१९ च्या ‘ऑफेन्सिव्ह वेपन्स ॲक्ट’ने बंदी आणली. स्ट्रेट-पुल टिकली, कारण तिच्यात पुंगळी काढण्याचं काम वायू करतच नाही. शिवाय ही कल्पना १९८८ च्या कायद्यातून जन्मलेली नाही. स्वित्झर्लंडची श्मिट-रुबिन १८८९ ची आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची मानलिखर १८९५ ची. या दोन्ही लष्करी रायफली स्ट्रेट-पुलच होत्या.

गैरसमज २: बोल्ट फिरवून बसवला नाही तर तो पक्का बंद होत नाही, एखाद दिवशी तोंडावर येईल.

वस्तुस्थिती: ही भीती आली कॅनडाच्या रॉस या स्ट्रेट-पुल रायफलीवरून. पहिल्या महायुद्धाआधी तिने ब्रिटनमधल्या बिस्लीच्या स्पर्धा गाजवल्या होत्या. खंदकांतल्या चिखलात मात्र ती अडकू लागली आणि १९१६ मध्ये आघाडीवरून काढून घेतली गेली. तिच्या मार्क ३ आवृत्तीचा बोल्ट साफसफाईनंतर चुकीच्या पद्धतीनेही जोडता यायचा. मग तो बंद झाल्यासारखा दिसे, पण आतून अडकलेला नसे.

आजच्या स्ट्रेट-पुलमध्ये दांडा सरळ सरकला तरी आत काहीतरी अडकतंच. एआर धाटणीत बोल्टचं डोकं आतल्या खाचेमुळे स्वतः फिरून नळीमागच्या दातांत बसतं. जर्मनीच्या ब्लेझर रायफलीत एक कडं फाकून चहूबाजूंनी पकड घेतं. बायथलॉन या स्कीइंग आणि नेमबाजीच्या खेळातल्या फोर्टनर बोल्टमध्ये पोलादी गोळ्या खाचेत बसतात. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रायफलीची लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, अथवा मान्यताप्राप्त परदेशी प्रूफ हाउसमध्ये, जादा दाबाखाली चाचणी झालेली असावी लागते. तिचा शिक्का धातूवर असतो. घेताना तो पाहा.

गैरसमज ३: अचूकता हवी तर साधी बोल्ट-ॲक्शनच; स्ट्रेट-पुलचा नेम ढिला.

वस्तुस्थिती: गोळी कुठे जाणार हे मुख्यतः नळी, काडतूस, चाप आणि झाडणारा माणूस ठरवतात. बोल्ट कसा उघडतो याचा त्यात वाटा फार थोडा. बायथलॉनपटू स्कीवरून धापा टाकत येतात आणि ५० मीटरवरच्या ४५ मिलिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर झोपून नेम धरतात. उभ्याने झाडताना लक्ष्य ११५ मिलिमीटरचं असतं. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात स्ट्रेट-पुलच असते.

गैरसमज ४: वेग जास्त, म्हणून गुणही जास्त.

वस्तुस्थिती: नवशिक्याला सगळ्यात महाग पडणारी समजूत हीच, म्हणून इथे थोडं थांबू. वेगाचा फायदा जिथे घड्याळ लावलेलं असतं तिथेच मिळतो. बायथलॉनमध्ये फोर्टनर बोल्ट तर्जनीने मागे ओढतात आणि अंगठ्याने पुढे ढकलतात. हात मुठीवरून हलत नाही, गाल दस्त्यावरून सुटत नाही. वेळ वाचतो तो यातूनच. ब्रिटनमधल्या ‘सिव्हिलियन सर्व्हिस रायफल’ स्पर्धांतही तसंच. तिथे लक्ष्य काही सेकंद दिसतं आणि लपतं, किंवा एका टप्प्यावरून पळत पुढच्या टप्प्यावर जाऊन गोळ्या झाडायच्या असतात. तिथे एआर धाटणीची स्ट्रेट-पुल शोभते.

बिस्लीची पारंपरिक ‘टार्गेट रायफल’ शाखा मात्र वेगळी. सरे परगण्यातलं हे मैदान १८९० पासून ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचं घर आहे. इथे ३०० ते १००० यार्डांवर झोपून, स्कोपविना, छिद्रातून नेम धरतात आणि प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरतात. मराठी वाचकाला या शाखेची एक ओळख जवळची वाटेल. कोल्हापूरच्या राजांच्या नावाने १८७१ पासून खेळला जाणारा ‘कोलापूर’ चषक तिच्यातलाच. आठ-आठ जणांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर तो लढवतात. तिथे दोन गोळ्यांमध्ये पुरेसा वेळ असतो, त्यामुळे झटपट सरकणाऱ्या बोल्टचं कौतुक कुणाला नाही. राधानगरी तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तिथेही कस लागतो तो स्थिरतेचा.

म्हणून आधी शाखा ठरवा. रायफल त्यानंतर.

गैरसमज ५: मोठं काडतूस घेतलं की पुन्हा बदलायला नको.

वस्तुस्थिती: .३०८ विंचेस्टर लांबवर वारा चांगला सोसतं, पण त्याचा धक्का खांद्याला आणि किंमत खिशाला जाणवते. नवशिक्या धक्क्याच्या भीतीने गोळी सुटायच्या आधीच अंग आखडतो. ही सवय एकदा लागली की सुटायला वेळ लागतो. .२२३ रेमिंग्टनचा धक्का सौम्य असतो, काडतूस स्वस्त पडतं आणि ६०० यार्डांपर्यंतच्या बहुतेक स्पर्धांना ते पुरतं. ५० किंवा १०० यार्डांच्या रेंजवरच झाडायचं असेल तर .२२ रिमफायर पुष्कळ झालं.

.२२३ घेताना दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, नळीतल्या आट्यांचा पीळ किती? बारा इंचांत एक फेरा घेणारी नळी ५५ ग्रेनच्या आसपासच्या हलक्या गोळ्यांसाठी ठीक. ६९ ते ७७ ग्रेनच्या लांब, जड गोळ्या स्थिर उडायला आठ किंवा सात इंचांत एक फेरा लागतो, आणि लांब पल्ल्यावर गरज याच गोळ्यांची असते. दुसरा प्रश्न, चेंबर .२२३ चं आहे की ५.५६ नाटोचं? बाहेरून काडतुसं सारखीच दिसतात, पण .२२३ च्या चेंबरमध्ये लष्करी ५.५६ झाडलं तर दाब वाढू शकतो.

गैरसमज ६: पैसे जमले की दुकानात जाऊन घ्यायची, क्लबचं मग बघू.

वस्तुस्थिती: क्रम नेमका उलटा आहे. लक्ष्यभेदी रायफल बाळगण्यासाठी पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. ते मिळवायला ‘योग्य कारण’ दाखवावं लागतं आणि नेमबाजासाठी ते कारण म्हणजे सरकारची मान्यता असलेल्या क्लबचं सदस्यत्व. नव्या सदस्याला किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. त्या काळात देखरेखीखाली क्लबच्याच रायफली हाताळायच्या.

सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं. कोणत्या काडतुसाची, कोणत्या प्रकारची रायफल घ्यायची आणि किती काडतुसं एका वेळी जवळ ठेवायची, हे त्यावर लिहिलेलं असतं. डॉक्टरकडून प्रकृतीची माहिती द्यावी लागते आणि घरी रायफल कुलूपबंद ठेवण्याची सोय पोलीस पाहतात. उमेदवारीच्या महिन्यांना अडथळा समजू नका. वेगवेगळ्या रायफली हाताळून पाहायची इतकी स्वस्त संधी पुन्हा मिळत नाही.

गैरसमज ७: रायफलीची किंमत म्हणजे एकूण खर्च, आणि नवी घेणंच शहाणपणाचं.

वस्तुस्थिती: स्कोप, माउंट, लोखंडी कपाट, कानांचं संरक्षण, साफसफाईचं साहित्य, क्लबची वर्गणी, रेंजचं भाडं आणि काडतुसं. ही यादी पुढे दरवर्षी चालूच राहते. रायफलीवर सगळी पुंजी ओतून सरावाला काडतुसं उरली नाहीत, तर त्या रायफलीचा उपयोग शून्य.

चांगल्या हातातली जुनी रायफल अनेकदा उत्तम सौदा ठरते. नळीतून किती गोळ्या गेल्या, चेंबरपुढचा भाग झिजला आहे का, बोल्ट अडखळतो का, हे जाणत्या सदस्याला दाखवा. नळी झिजणारच, पण ती बदलता येते. तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला. स्वित्झर्लंडची लष्करी के-३१ अनेकांना पहिली रायफल म्हणून मोहात पाडते. तिची बनावट सुबक आणि अचूकता नावाजलेली. पण तिला ७.५ मिलिमीटरचं स्वतःचं काडतूस लागतं, आणि पुंगळी वरच्या अंगाने बाहेर फेकत असल्याने स्कोप नीट बसवणं कठीण. जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धांत ती उत्तम. आधुनिक स्कोपच्या स्पर्धांत तिचा मेळ बसत नाही.

गैरसमज ८: बोल्ट अडला म्हणजे रायफल खराब.

वस्तुस्थिती: साध्या बोल्ट-ॲक्शनमध्ये दांडा वर उचलतानाच तरफेच्या जोराने चेंबरला चिकटलेली पुंगळी सैल होते. एआर धाटणीच्या स्ट्रेट-पुलमध्ये ही मदत जवळपास नसते. पुंगळी तुमच्या मनगटाच्या जोरावरच निघते. म्हणून चेंबर मळलेलं, बोल्ट कोरडा किंवा काडतूस जास्त दाबाचं असलं की दांडा घट्ट लागतो. चेंबरचा खास ब्रश, बोल्टवर तेल आणि माफक दाबाची काडतुसं, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. इतकं करूनही बोल्ट हलत नसेल तर ठोकाठोक करू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवा, रेंज अधिकाऱ्याला हाक मारा आणि पुढचं त्याच्या सांगण्यावरून करा.

दोन शब्द डावखुऱ्यांसाठी. काही बनावटींत दांडा डाव्या बाजूला मिळतो. उजव्या हाताची रायफल स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर प्रत्येक गोळीमागे हात रायफलीवरून ओलांडावा लागतो आणि स्ट्रेट-पुलचा वाचवलेला वेळ तिथेच जातो.

थोडक्यात, घड्याळाशी शर्यत असलेल्या स्पर्धांत उतरणार असाल तर .२२३ ची एआर धाटणीची, आठ इंचांत एक पीळ असलेली स्ट्रेट-पुल ही समंजस पहिली निवड. निवांत झोपून लांबचा नेम धरणार असाल तर साधी बोल्ट-ॲक्शन स्वस्त पडेल आणि तितकंच देईल. यातलं काय आवडतं हे अजून ठरलं नसेल, तर क्लबची .२२ घ्या आणि वर्षभर तिच्यावरच हात बसवा. रायफल खरेदीची घाई कुणालाही नसते, विकणाऱ्याला सोडून.