समुद्र वाट देतो तेव्हा

जपानमध्ये एक समुद्रदेवी आहे, हायाआकित्सु-हिमे. तिचं काम काय, माहीत आहे? माणसांची पापं गिळायची! ३० जून आणि ३१ डिसेंबरला शिंतो देवळांत शुद्धीची प्रार्थना म्हणतात, त्यात ही गोष्ट येते. डोंगरातल्या नदीची देवी सगळं वाईट वाहून समुद्रात नेते, आणि जिथे प्रवाह एकमेकांत मिसळतात तिथे ही देवी ते घटाघटा पिऊन टाकते. त्याच देशात इत्सुकुशिमा बेटावर तीन समुद्रदेवींचं देऊळ आहे. त्याची तांबडी कमान सोळा मीटरहून उंच! भरतीला ती पाण्यात उभी असते आणि ओहोटीला लोक चालत तिच्या पायथ्याशी जातात.

समुद्राच्या तालावर चालणारं देवस्थान पुणेकरांनाही काही लांब नाही. ताम्हिणी घाट उतरा, माणगाव-म्हसळा करत हरिहरेश्वरला पोचा. पेशव्यांचं हे कुलदैवत. त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून जवळच. हरिहरेश्वर, काळभैरव आणि योगेश्वरी यांचं दर्शन झालं की लोक प्रदक्षिणेला निघतात. आणि ही प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, अख्ख्या डोंगराभोवती! दोन उंच कड्यांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात, आणि समोर एकदम समुद्र. पुढची वाट थेट किनाऱ्याच्या खडकांवरून जाते. भरतीला ती वाट पाण्याखाली.

तिथल्या खडकांकडे जरूर निरखून पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा दगड, पण त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं! ही करामत मिठाची. लाटांचं खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हानं वाळतं आणि मागे मिठाचे स्फटिक उरतात. स्फटिक वाढताना आतून रेटा देतात, की दगडाचा कण सुटतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. खळगा झाला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. मला तर त्या कड्यापाशी तासभर बसावंसं वाटतं!

पण बसायचं तर वेळ कळायला हवी. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांकडे त्यासाठी एक झकास गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. हे जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते, आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्यही त्याच रेषेत ओढतो, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी पडते. त्या कमी भरतीला कोळी लोक भांग म्हणतात.

गाव बदललं की वेळ थोडी बदलते, म्हणून खाली उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारायचंच, आणि पावसाळ्यात तिकडे फिरकायचं नाही.

आता गणित करा पाहू: एकादशीला दुपारी अडीच वाजता तुम्ही त्या पायऱ्यांवर पोचलात, तर वाट मोकळी असेल की पाण्याखाली?